ठेवीची काठी

कायद्याच्या पुस्तकांतील काही शब्द वकिलाने उभा जन्म वापरले, तरी त्यांचा खरा अर्थ त्याला एखाद्या दिवशी कोर्टाच्या आवाराबाहेरच उमगतो. ‘निक्षेप’ हा असाच एक शब्द. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची अठरा पदे सांगितली आहेत. मनुस्मृतीच्या क्रमात त्यांतील पहिले ऋणादान आणि दुसरे निक्षेप. चोरी, मारहाण, शिवीगाळ, द्यूत ही सारी मागाहून येतात. कर्जाच्या खालोखाल मान दिला आहे तो विश्वासाने दुसऱ्याच्या हाती सोपविलेल्या ठेवीला. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातही १४८ व्या कलमापासून निक्षेपाचे प्रकरण सुरू होते, आणि १५१ वे कलम सांगते की, तशाच आकाराच्या, प्रतीच्या व किमतीच्या स्वतःच्या वस्तूची सामान्य शहाणपणाचा मनुष्य जितकी काळजी घेईल, तितकी काळजी ठेव घेणाऱ्याने त्या ठेवीची घेतली पाहिजे. हे कलम मी गुदामातील भिजलेल्या कापसाबद्दल आणि दुरुस्तीला दिलेल्या मोटारींबद्दल अनेकदा वाचून दाखविले आहे. परंतु त्याचा अर्थ मला शिकविला तो नागपूर ते आदिलाबाद या रस्त्यावर नऊ फूट लांबीच्या एका बांबूच्या काठीने.

ही काठी मासे गरवण्याची. तिच्या मालकांना आम्ही घरात नुसते ‘मास्तर’ म्हणतो. माझे वडील बँकेच्या नोकरीत होते, आणि १९७९ ते १९८३ ही चार वर्षे त्यांची नेमणूक आदिलाबादेस होती. कारवारकडचा मनुष्य, काळी नदीच्या खाडीवर लहानाचा मोठा झालेला. समुद्रापासून इतक्या दूर बदली झाल्यावर पहिला आठवडा त्यांनी म्हणे फक्त वरणभातावर काढला. दुसऱ्या आठवड्यात एका मराठी शाळेतील शिक्षकांची ओळख झाली आणि तिसऱ्या आठवड्यात दोघे पैनगंगेच्या काठावर बसलेले होते. वडिलांच्या तोंडी काठीचे नाव अखेरपर्यंत ‘गरयेची बडी’ असेच राहिले, मास्तरांच्या तोंडी ‘गळकाठी’, आणि शेजारी बसणाऱ्या तेलुगू कोळ्याच्या तोंडी आणखी तिसरे. आदिलाबाद हे गावच असे आहे. हैदराबाद संस्थानात होते, १९५६ साली आंध्र प्रदेशात गेले, २०१४ साली तेलंगणात आले, आणि २०१६ साली जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. पण बाजारात आजही मराठी, तेलुगू, उर्दू आणि गोंडी या चारही भाषा एकाच वजनकाट्यावर तोलल्या जातात.

१९८३ साली बदलीचा हुकूम आला, तेव्हा निरोप देताना मास्तरांनी आपली काठी वडिलांच्या हाती दिली. देणगी म्हणून नव्हे. ‘ठेवा तुमच्याकडे. परत याल तेव्हा घेऊन या,’ एवढेच ते बोलले. वडिलांचे परत जाणे आज-उद्या करीत राहून गेले. ती काठी आमच्या नागपूरच्या घरात चाळीस वर्षांहून अधिक काळ आडव्या खुंट्यांवर निजून होती. दर दिवाळीला वडील तिला जवसाच्या तेलाचा हात देत. आपली स्वतःची काठी घेऊन ते तळ्यावर जात, पण मास्तरांची काठी त्यांनी एकदाही पाण्यात घातली नाही. ठेव वापरण्याची मुभा दिलेली नसताना ती वापरू नये, हे १५४ व्या कलमाचे तत्त्व त्यांनी वाचलेले नव्हते. ते त्यांच्या ठायी होतेच. मागच्या श्रावणात ते गेले. जाण्यापूर्वी काही दिवस मला म्हणाले, ‘मास्तरांची काठी पोहोचती कर. माझीही बरोबर ने. एकाच काठीने नदीवर बसू नये.’

येथे मला दोन्ही कायद्यांचे एकमत आठवले. मनू सांगतो की, गहाण, सीमा, अज्ञानाचे धन आणि ठेव ही दुसऱ्याने कितीही काळ उपभोगली, तरी मालकाची मालकी बुडत नाही. आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही ठेवीबद्दलच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत ठेव ठेवल्यापासून मोजीत नाहीत; मागणी केल्यावर ती नाकारली, त्या दिवसापासून मोजतात. मास्तरांनी कधी मागितली नाही, वडिलांनी कधी नाकारली नाही. म्हणजे चाळीस वर्षांनंतरही ती ठेव पहिल्या दिवसाइतकीच ताजी होती. आता प्रश्न उरला तो केवळ वाहतुकीचा, आणि वाटला होता त्याहून तो पुष्कळच मोठा निघाला.

गळकाठी ही मोठी विचित्र वस्तू आहे. पाण्याच्या काठावर ती चार-पाच शेरांच्या माशाचा हिसका सहन करते, कमानीसारखी वाकते आणि पुन्हा सरळ होते. तीच काठी मोटारीच्या दाराच्या एका धक्क्याने काडीसारखी मोडते. जुने गळकरी सांगतात की, माशाने मोडलेल्या काठ्यांपेक्षा दाराने, टपाने आणि घरातल्या पंख्याने मोडलेल्या काठ्याच अधिक. याचे कारण उघड आहे. माशाचा ओढा काठीच्या सर्वांगात वाटला जातो. दाराचा दाब एकाच पेरावर पडतो. ज्या वस्तूचा धर्म वाकण्याचा, तिला वाकण्यास जागा न ठेवता दाबले की ती मोडते. हे मनुष्यांच्या बाबतीतही खरे आहे, पण तो विषय येथे नको.

म्हणून पहिली गोष्ट, प्रत्येक काठी कोठे मोडते हे ओळखणे. मास्तरांची काठी अखंड; आदिलाबादच्या रानातील भरीव बांबूची. त्यांनी स्वतः निवडून तोडली, काही आठवडे पैनगंगेच्या वाहत्या पाण्यात बुडवून ठेवली, मग सावलीत वाळवून विस्तवावर धरून सरळ केली. पाण्यात बुडविण्याने बांबूच्या अंगातले पिष्ट धुऊन जाते आणि भुंगेऱ्याला त्यात खाण्याजोगे फारसे उरत नाही. चाळीस वर्षांत तिच्यातून चिमूटभर भुसा पडला नाही, याचे श्रेय त्या पाण्याला. अशा काठीचे मर्म तिच्या शेंड्याच्या शेवटच्या दोन फुटांत. वडिलांची काठी निराळ्या जातीची. ती त्यांनी मुंबईत जुन्या बाजारात घेतलेली. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या सरसाने एकत्र चिकटवून षट्कोनी केलेली, तीन तुकड्यांची, पितळी सांध्यांची. या कारागिरीचा गेल्या शतकाच्या पूर्वार्धात विलायतेत मोठा बोलबाला होता. १८७२ साली स्थापन झालेल्या हार्डी बंधूंच्या कारखान्याच्या काठ्या हिंदुस्थानातील गोऱ्या साहेबांच्या सामानात हमखास असत. अशा काठीचे मर्म शेंड्याइतकेच पितळी सांध्याच्या लगत वर असते, कारण तेथे वाकणारे लाकूड न वाकणाऱ्या धातूला भेटते.

बांधणीस मी एक संपूर्ण रविवार दिला. काठीवर गळ, शिसे किंवा ताणलेली दोरी ठेवून प्रवास करू नये. दोरीने ओढलेला शेंडा तासन् तास वाकलेला राहिला, तर बांबू तो बाक कायमचा धरतो. गळ काढून बुचात टोचून निराळे ठेवावेत, रीळ उतरवून कापडात गुंडाळावे. सांधे सोडविताना काठी पिळू नये. दोन्ही बाजूंनी सरळ ओढावी, आणि पुन्हा जोडताना मेणबत्तीचे किंचित मेण चोळावे. तीन तुकडे एकत्र बांधताना शेंड्याचा तुकडा उलटा करून बुंध्याच्या तुकड्याच्या कुशीत ठेवावा, म्हणजे जाड अंग नाजूक अंगाचे रक्षण करते. बांधण्यास जुन्या धोतराच्या पट्ट्यांसारखे उत्तम साधन नाही. रबराचे आटे उन्हात वितळून रोगणाला चिकटतात, आणि सुतळी आपला वळ उमटविते. वडिलांचेच धोतर फाडून मी त्या पट्ट्या काढल्या. फाडताना हात थोडा अडखळला, हे खरे; पण त्यापेक्षा चांगला उपयोग त्याचा दुसरा कोणता होणार होता?

यानंतर नळी. जुन्या काळी पोकळ बांबूची आतील पेरे फोडून त्यात काठ्या ठेवीत. आज पाण्याच्या नळांचे दुकान हे काम करते. प्लॅस्टिकच्या नळ्या ३ मीटर आणि ६ मीटर लांबीत मिळतात, आणि नऊ फुटी काठीला, म्हणजे पावणेतीन मीटरांना, ३ मीटरची नळी जणू मापाने शिवल्यासारखी बसते. दोन्ही टोकांना कापसाच्या गाद्या, वर टोपणे. काठी आत खुळखुळता कामा नये आणि दाबलीही जाता कामा नये. एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. ओली काठी नळीत बंद करू नये. आतल्या दमट हवेने बुरशी येते, रोगण फुगते आणि सरस सुटतो. तसेच बंद मोटारीत काठ्या उन्हात ठेवू नयेत, कारण जुना सरस उष्णतेने मऊ पडतो. आदिलाबादचा वैशाख ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे अधिक सांगावयास नको. म्हणूनच मी पौष महिना निवडला. त्या दिवसांत आदिलाबादेत थंडी अशी पडते की, दक्षिणेत आहोत हे खरे वाटू नये. पण बांबूला थंडीचे भय नाही.

आता वकिलाचे काम. आमची मोटार लहान, चार मीटरांच्या आतली. तीन मीटरांची नळी आत मावत नाही, आणि खिडकीतून बाहेर काढून नेणे हा स्वतःच्या काठीचा व परक्याच्या डोळ्याचा एकाच वेळी घात करण्याचा मार्ग होय. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या १९४ व्या कलमात २०१९ साली घातलेल्या पोटकलमानुसार, वाहनावरील ओझे ठरवून दिलेल्या मर्यादेबाहेर बाजूंना, पुढे, मागे अथवा उंचीत गेले, तर २०,००० रुपये दंड आहे, आणि ते उतरविण्याचा खर्च वेगळा. टपावर दोन आडव्या दांड्या बसवून त्यांना नळी दोन्ही ठिकाणी घट्ट बांधली, की ती टपाच्या पुढेमागे थोडी जाते, पण गाडीच्या अंगाबाहेर जात नाही. दोरी बांधून झाली म्हणजे काम झाले असे समजू नये. ती ताणाखाली सैल पडते; म्हणून पहिल्या १५-२० किलोमीटरांवर थांबून गाठी पुन्हा आवळाव्यात. मी बुटीबोरीच्या पुढे थांबलो, आणि गाठी खरोखरच बोटभर सैलावल्या होत्या.

नागपूर ते आदिलाबाद सुमारे २०० किलोमीटर. हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, पाटणबोरी अशी गावे मागे पडत जातात. पौषात या रस्त्यावर कापसाचे राज्य असते. ट्रॅक्टरांच्या पाठीवर कापूस इतका फुगलेला की, वर सांगितलेले पोटकलम त्या वाटेने कधी गेलेच नसावे असे वाटते. हा रस्ता एरवी मी तीन तासांत काटला असता. त्या दिवशी पाच लागले. प्रत्येक गतिरोधकाशी मी वाघाशी वागावे तसा आदराने वागलो. डोक्यावर दुसऱ्याची वस्तू असली, की आपला वेग आपला राहत नाही.

वाटेत एका नाक्यावर पोलिसाने थांबविले. टपावरील लांब, दोन्ही तोंडे बंद असलेली नळी पाहून त्याच्या मनात काय आले असेल, हे मी समजू शकतो. जुन्या शास्त्रात निक्षेप आणि उपनिधी असा भेद केला आहे. आत काय आहे हे दाखवून दिलेली ती निक्षेप, आणि पेटीत मोहोरबंद करून दिलेली ती उपनिधी. पोलिसाच्या दृष्टीने माझी नळी उपनिधी होती. सुदैवाने टोपण हाताने फिरवून उघडेल असेच ठेवले होते. शेंडा बाहेर डोकावताच तो हसला आणि म्हणाला, ‘मरळीसाठी का?’ पुढील प्रवाशांस माझी सूचना अशी की, नळी हत्याराशिवाय उघडेल अशी असावी आणि तिच्यावर ‘गळकाठी’ असे ठळक लिहावे. अर्धे संशय अक्षरांनी फिटतात.

पैनगंगेचा पूल आला. अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. नदीला यातले काही ठाऊक नाही. ती वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, आणि प्राणहिता गोदावरीला. २०१६ साली दोन्ही राज्यांत करार झाल्यावर चनाका-कोरटा येथे या नदीवर बंधारा उभा राहिला. ज्या डोहांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या, त्यांतले किती आता ओळखू येतील, हा विचार पूल ओलांडताना मनात आल्यावाचून राहिला नाही.

मास्तर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. अंगणात नळी उतरविली, तेव्हा त्यांनी कोणास हात लावू दिला नाही. टोपण स्वतः काढले, पट्ट्यांच्या गाठी एकेक सोडविल्या. काठी बाहेर आल्यावर प्रथम त्यांनी मूठ नव्हे, शेंडा पाहिला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून तो शेवटच्या पेरापर्यंत चाचपला. मग काठी डोळ्यासमोर आडवी धरून तिचा बाक पाहिला. बाक नव्हता. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, ‘तेल जवसाचं दिसतंय.’ मी म्हणालो, ‘होय, दर दिवाळीला.’ ‘तुझ्या बाबांना सांगितलं होतं मी. मला वाटलं, विसरले असतील.’

संध्याकाळी त्यांचा नातू आपली नवी कार्बनची काठी घेऊन आला. पिसासारखी हलकी, आणि किमतीने मास्तरांच्या एका वर्षाच्या जुन्या पगाराएवढी. मास्तरांनी तिचे कौतुक केले आणि एक ताकीद दिली, ती मी येथे सर्वांसाठी नोंदवितो. कार्बनमधून वीज वाहते. अशी काठी जोडून खांद्यावर उभी धरून विजेच्या तारांखालून जाऊ नये, आणि आकाशात ढग गरजू लागले की ती आडवी ठेवून दूर व्हावे. बांबूही ओला असला तर भरवशाचा नाही. ‘मासा उद्याही येईल,’ ते म्हणाले. कवाल अभयारण्याच्या हद्दीत गळ घेऊन पाऊल टाकायचे नाही, हेही त्यांनी नातवाला माझ्यादेखत बजावले. घरात वकील आल्याचा तेवढा फायदा त्यांनी करून घेतला.

गरवण्याच्या छंदाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ रचला. त्यात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदालाही जागा असून माशांच्या जाती आणि त्यांना घालावयाचे खाद्य यांचे वर्णन आहे. पुढे १८७३ साली हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासकडील मुलकी अधिकाऱ्याने ‘द रॉड इन इंडिया’ लिहिले, ते आपल्या मंगळुरात. मास्तरांना या दोन्ही ग्रंथांविषयी मी उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्यात काठी नेण्याबद्दल काही लिहिलंय का?’ मला आठवेना. ‘राजाची काठी दुसराच कुणी उचलत असेल,’ ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नागोबाची गोष्ट सांगितली. केसलापूरच्या नागोबाची महापूजा पौष अमावास्येच्या रात्री होते. तत्पूर्वी मेसराम कुळातील गोंड अनवाणी पायी चालत गोदावरीवर जातात आणि पितळी झारीतून तिचे पाणी आणतात. त्या पाण्याने पूजा होते. वाटेत मोटारी धावतात, त्यांत बसून हेच पाणी काही तासांत येईल, हे त्यांना ठाऊक नाही असे थोडेच आहे? पण पायी नेलेले पाणी आणि मोटारीने नेलेले पाणी एक नव्हे. आपल्याकडे शिखर शिंगणापूरच्या कावडी चैत्रात मुंगी घाटातून चढवितात, देवाची पालखी खांद्यावरून नेतात, त्यातही हाच भाव असावा. नेणाऱ्याने आपले चालणे त्या वस्तूच्या स्वाधीन केलेले असते. १५१ वे कलम सामान्य शहाणपणाच्या मनुष्याची काळजी मागते, आणि कायद्याने याहून अधिक मागूही नये. पण ठेव खरोखर सुखरूप पोहोचते ती, नेणारा आपली घाई घरी ठेवून निघतो तेव्हा.

मला परतावयाचे होते. मास्तरांचे हात आता थरथरतात. दोघेजण नदीवर गेलो, पण गळ टाकला तो मी, आणि तोही त्यांच्या सांगण्यावरून. काहीही लागले नाही. निघताना त्यांनी आपली काठी आतल्या खोलीत खुंट्यांवर ठेवली आणि वडिलांची तीन तुकड्यांची काठी त्याच धोतराच्या पट्ट्यांनी, शेंडा बुंध्याच्या कुशीत घालून, पुन्हा बांधली.

‘ही माझी झाली ना?’ त्यांनी विचारले.

‘होय. बाबांनी तसंच सांगितलंय.’

‘मग आता माझी ठेव म्हणून तुझ्याकडे राहू दे,’ ते म्हणाले. ‘वापरायला माझी परवानगी आहे. पुढच्या पौषात घेऊन ये.’